मीटर गप्प झालं त्या दुपारी

मीटर टिकटिक करू लागलं की माणसं घाबरतात. मला ते गप्प बसलं की भीती वाटते. ही भीती नोकरीत शिकवलेली नाही. ती एका दुपारी अंगात शिरली आणि अजून गेलेली नाही.

आधी माझं काम सांगतो. दोन लोखंडी पाइप वेल्डिंगने जोडले की तो जोड आतून पक्का बसलाय की पोकळ राहिलाय, हे डोळ्यांना दिसत नाही. मग जोडाला फिल्म गुंडाळायची आणि सोर्स जवळ आणायचा. सोर्स म्हणजे करंगळीहून बारीक, चमकदार धातूचा तुकडा, मागे लवचीक शेपटी. त्याच्यातून निघणारे किरण लोखंडाच्या आरपार जातात, तसेच माणसाच्याही. एरवी तो एका जड पेटीत बंद असतो, तिला आम्ही कॅमेरा म्हणतो. आपण लांब उभं राहायचं, हँडल फिरवायचं, की केबल त्याला नळीतून पुढे ढकलते. उलटं फिरवलं की केबल त्याला ओढून परत पेटीत आणते. तो खरंच परत आला का, हे डोळ्यांनी कळत नाही, वासाने कळत नाही, चटकाही बसत नाही. ते फक्त हातातलं मीटर सांगतं.

त्या वर्षी एरंडोलच्या पुढे शेतांमधून गॅसची पाइपलाइन चालली होती. मी मूळचा बोदवडचा, पण तेव्हा जळगावला खोली घेऊन राहत होतो. कंपनीचं छोटं ऑफिस धुळ्याला होतं. साइटवर आम्ही दोघे, मी आणि माझा जोडीदार. दोघेही मुंबईला प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आलेले. जीप चालवायला जळगावचे एक चाचा होते, वयाने मोठे आणि बोलायला कमी. दिवसा वेल्डर काम करायचे. संध्याकाळी ते निघून गेले की आम्ही दोरी बांधून, लाल दिवे लावून फोटो काढायचो. सकाळी तिथल्याच डार्करूमच्या गाडीत फिल्म धुवायच्या.

आमच्याकडे दोन मीटर होती. एक नवं, आकडे दाखवणारं. दुसरं जुनं, काट्याचं, पिवळ्या रंगाचं. नवं मीटर तपासणीला पाठवायची वेळ झाली होती, म्हणून मी ते घेऊन धुळ्याला गेलो आणि पार्सल देऊन रात्री तिथेच राहिलो. साइटवर जोडीदार आणि जुनं मीटर.

सकाळी ऑफिसच्या खाली चहा घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला. त्याचा आवाज इतका शांत होता की मी कप खाली ठेवला.

त्याने सांगितलं, कालच्या शेवटच्या जोडाची फिल्म पूर्ण काळी आली आहे. नुसती काळी. फिल्म तशी येते ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ सोर्स समोर राहिला तर. मी विचारलं, कॅमेरा बघितलास का? तो म्हणाला, बघितला, म्हणून तर फोन केला. बंद कॅमेऱ्याला मीटर टेकवलं की थोडी तरी टिकटिक येते, पेटी कितीही जाड असली तरी थोडं झिरपतंच. त्याने मीटरमध्ये नवे सेल घातले, कॅमेऱ्याला टेकवलं, आणि काटा जेमतेम हलला.

"आत काही नाहीये," तो म्हणाला. "पेटी रिकामी आहे."

काय घडलं असणार ते आम्हाला दोघांनाही कळलं. सोर्सची शेपटी केबलला नीट अडकली नव्हती. केबलने त्याला पुढे ढकललं, पण परत येताना ती एकटीच आली. सोर्स नळीतच राहिला. जोडीदाराने नळी काढली, गुंडाळली, आणि गुंडाळताना तो कुठेतरी निसटून पडला. संध्याकाळी मीटरचे सेल उतरलेले होते. त्याला बारीकशी टिकटिक ऐकू आली, ती त्याने बंद पेटीची समजली. मी त्याला त्या वेळी काही बोललो नाही आणि नंतरही नाही. नळी गुंडाळणारे हात त्याचेच होते, हे त्याला माझ्याआधी कळलेलं होतं.

मुंबईच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, माणसं लांब ठेवा, आम्ही निघतो, सरकारी खात्याला मी कळवतो. ते पोहोचणार म्हणजे संध्याकाळ. चाचा आदल्या दिवशी माझ्याबरोबरच धुळ्याला आले होते. आम्ही निघालो. पारोळा मागे पडला. मग चाचांनी विचारलं की ती वस्तू किती मोठी असते. मी करंगळीचं पेर दाखवलं. त्यांनी एकदा माझ्या बोटाकडे बघितलं आणि गाडीचा वेग वाढवला.

साइटवर पोहोचलो तेव्हा ऊन चढलेलं होतं. जोडीदार जोडापासून लांब, बाभळीखाली उभा होता. त्याचा शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. तो सरळ म्हणाला, इथेही नाहीये. नळी तपासली, रिकामी. चर तपासला, मातीच्या ढिगावरून मीटर फिरवलं, जीप उभी असते ती जागा बघितली. काही नाही. आदल्या दिवशी वेल्डिंगवाल्यांनी टाकलेल्या रॉडची थोटकं तेवढी पडली होती.

मी मीटर हातात घेतलं आणि पुन्हा सगळीकडून फिरलो. त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. अधूनमधून एखादं टिक यायचं, ते कुठेही येतंच. आजूबाजूला कपाशीसाठी नांगरून ठेवलेली काळी जमीन, वर पांढरं आकाश, आणि हातात ते गप्प यंत्र. इथे नसेल तर ते कोणाच्या तरी जवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

जोडीदार बाजूला गेला आणि ओकला. मागे वळून त्याने माझ्याकडे बघितलं. किरण जास्त लागले की पहिल्यांदा ओकारी येते, हे आम्ही दोघांनी एकाच वर्गात बसून ऐकलेलं. उन्हाने असेल, मी म्हणालो. सकाळपासून पोटात काही नाही, तोही म्हणाला. तेव्हा आम्ही ते तेवढ्यावरच सोडलं.

चाचांनी प्रश्न विचारला, जो आम्हाला सुचायला हवा होता. सकाळी इथून कोण गेलं?

पाइपांवर रात्री राखण करायला कंपनीने जवळच्या वस्तीतले एक म्हातारे ठेवले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हातात काठी, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. उजाडलं की ते चराच्या कडेकडेने जाऊन एक नजर टाकायचे आणि घरी जाऊन झोपायचे. चमकणारी वस्तू मातीत पडलेली दिसली तर आबा ती तशीच ठेवून जाणारे नव्हते. एकदा माझा पेन पडला होता, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी आठवणीने आणून दिला होता.

आम्ही जीप वस्तीच्या रस्त्याला घातली. मी मीटर खिडकीबाहेर धरलं होतं. चाचा पायी चालल्यासारखी गाडी चालवत होते. जोडीदार मागे, लांब दांड्याचा चिमटा आणि शिशाचं जाड भांडं घेऊन बसला होता. असं काही झालंच तर सोर्स उचलून टाकायला ते भांडं साइटवर ठेवावंच लागतं. मी तोवर ते कधी वापरलं नव्हतं.

विहिरीपाशी रस्ता वळतो. तिथपर्यंत काही नव्हतं. वळलो, आणि टिकटिक वाढली. थोडी. मग जरा जास्त. वस्तीची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा टिकटिक एकसलग झाली होती. मी चाचांना गाडी थांबवायला सांगितली आणि तिथून पुढे कोणाला येऊ देऊ नका म्हणालो. ते खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

आम्ही दोघे पायी निघालो. आबांचं घर नेमकं कोणतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. एका रांगेत भिंतीला भिंत लागून तीन घरं होती, समोर अरुंद बोळ. दुपारची वेळ, बोळात कोणी नाही. पहिल्या घरासमोर काटा पट्टीच्या शेवटाकडे गेला. मी मोठ्या पट्टीवर मीटर टाकलं. काटा पुन्हा चढत गेला, टिकटिकीची नुसती घरघर झाली. दोन पावलं पुढे गेलो. दुसऱ्या घराच्या खिडकीसमोर आलो आणि घरघर थांबली. काटा सरसर खाली आला आणि शून्यावर बसला.

जोडीदाराने श्वास सोडला. "इथे नाही," तो म्हणाला. "मागच्याच घरात असणार. चल मागे."

मीही वळलो होतो. आणि वळता वळता मुंबईच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. जुन्या मीटरच्या नळीला थोडे किरण मोजता येतात, बरेच मोजता येतात, पण फार झाले की ती गुदमरते. मग ती काहीच मोजत नाही आणि काटा शून्य दाखवतो. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर शून्य काढून त्याभोवती गोल केला होता. हे शून्य दोन प्रकारचं असतं, ते म्हणाले होते, आणि दोन्ही सारखीच दिसतात.

मी मागे सरकलो. घरघर परत आली. पुढे सरकलो, गप्प. खिडकी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी जोडीदाराचा दंड धरून त्याला ओढत बोळाच्या तोंडाशी आणलं आणि म्हणालो, तेच घर आहे, सोर्स बोळाकडच्या भिंतीलाच आहे.

घरात माणसं होती. खिडकीतून ओझरती दिसली होती. हाक मारली असती तर ती पुढच्या दाराने, म्हणजे त्या भिंतीजवळूनच बाहेर आली असती. म्हणून मी रांगेला वळसा घालून धावत मागे गेलो. परसात आबांच्या पत्नी, अक्का, भांडी घासत होत्या. मी त्यांना म्हणालो, आत कोण कोण आहे? त्या गोंधळल्या. धनी झोपेल शे, म्हणाल्या, आणि पोर शे. मागच्या दारातून आत बघितलं. आबा जमिनीवर सतरंजी टाकून झोपले होते. खाटेवर त्यांची मुलगी आडवी पडली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. माझा आवाज ऐकून ती उठून बसली आणि पदर सावरत पुढच्या दाराकडे जायला निघाली.

"ताई, तिकडे नका जाऊ," मी म्हणालो. "मागून या. माझ्याकडे या."

ती थबकली. अनोळखी माणूस परसदारात उभा राहून आपल्याला बोलावतोय, तिने काय समजावं? तिने आईकडे बघितलं. अक्कांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना त्यावर काय दिसलं देव जाणे, त्यांनी मुलीला खुणेने बोलावलं. ती हळूहळू चालत आली, एक हात कमरेवर. तेवढी खोली ओलांडायला तिला जो वेळ लागला तो मी आजही मोजत असतो.

आबा उठले ते हसत. त्यांना वाटलं, आम्ही आमची वस्तू न्यायला आलो. परसात येऊन ते म्हणाले, "तुमनंच शे ते. कोनी उचली नेई म्हनीसन मी संभाळी ठेयं."

पहाटे चराच्या कडेला त्यांना ते दिसलं होतं. माती लागलेली होती, म्हणून अंगठ्याने आणि बोटाने पुसून साफ केलं, उलटसुलट करून बघितलं, आणि जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावलं. घरी आल्यावर डबा पुढच्या भिंतीच्या फळीवर ठेवला आणि घरात बजावलं की साहेबांची वस्तू आहे, कोणी हात लावायचा नाही. मी विचारलं, पुसायला किती वेळ लागला? ते म्हणाले, पुसायले काय टाइम लागस. मी त्यांचा उजवा हात हातात घेऊन बघितला. त्यावर काही नव्हतं. काही दिसणार नव्हतंच, तेव्हा.

तिन्ही घरं आम्ही रिकामी केली. लोक विचारत होते, गॅस फुटला का? मी खरं ते सांगितलं, एक्स-रेची जहाल वस्तू आहे, चुकून इथे आली. एक्स-रे म्हटल्यावर निम्मे लोक निर्धास्त झाले. दवाखान्यात काढतात तो, असं एकजण दुसऱ्याला सांगत होता.

शिशाचं भांडं आम्ही बोळाच्या तोंडाशी झाकण उघडून ठेवलं. जोडीदार म्हणाला मी जातो, माझ्याकडून पडलंय. मी नाही म्हणालो. त्याला आधीच किती लागलं असेल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी भांड्याजवळ उभा राहून आधी मनात सगळं करून बघितलं. दार, फळी, चिमटा, वळणं, बाहेर, भांडं. मग गेलो.

घर साधं होतं. फळीवर घासलेली पितळी भांडी ओळीने मांडलेली, मधे तो स्टीलचा डबा, कडी वर केलेला. आत काही आवाज नव्हता. कुठेतरी माशी घोंघावत होती. मी मीटर मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, ते काही सांगणार नव्हतं. हात लांब करून चिमट्याने कडी पकडली, डबा उचलला आणि चालत बाहेर आलो. धावलो नाही, धावलो असतो तर डबा पडला असता. चिमट्याने डब्याचं झाकण उडवलं आणि डबा भांड्यात उपडा केला. बारीक टणत्कार झाला. चिमट्यानेच भांड्यावर झाकण ठेवलं. जोडीदाराने लांबून मीटर धरलं आणि ओरडून सांगितलं, उतरलं. मग मी खाली बसलो.

संध्याकाळी अधिकारी आले, सरकारी खात्याची माणसं आली. त्यांनी सोर्स ताब्यात घेतला, घर तपासलं, जमीन तपासली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आदल्या सकाळी जिथे जिथे होता तिथे बसा, उभे राहा, असं सांगितलं. रिकाम्या फळीपासून ते टेपने अंतर मोजत होते. अक्कांना चुलीपाशी बसवलं. आबांना सतरंजीवर आडवं केलं. मुलगी खाटेवर बसली होती आणि विचारत होती की मी भिंतीकडे तोंड करून होते की पाठ करून, हे पण सांगू का? तिला वाटत होतं नेमकं सांगितलं तर काही बदलेल. अक्कांनी मला बाजूला घेतलं. "मनी पोरले काही व्हई का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, डॉक्टर सांगतील.

सोर्स जुना होता, ताकद बरीच उतरलेली होती, बदलायला आला होता. नवा असता तर यातलं पुढचं काही लिहायला मला वेगळे शब्द शोधावे लागले असते. मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं की घरातल्या माणसांना लागलं ते थोडं, बाळाला धोका नसावा. नसावा, असंच म्हणाले. जोडीदाराचं रक्तही बरं निघालं, पण त्याच्या छातीवरच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यात मर्यादेपेक्षा जास्त आलं आणि त्याचं हे काम बंद झालं. ती ओकारी उन्हाची होती की कशाची, हे आम्हाला कधी कळलं नाही.

आबांची बोटं मात्र पंधरवड्यात लाल झाली. मग फोड आले. मग कातडी काळी पडत गेली, अंगठ्याच्या पेराला आणि शेजारच्या बोटाला. भाजलं तर माणूस हात मागे घेतो. इथे भाजणं आधी झालं होतं, दुखणं मागून आलं. मुंबईला नेऊन दोन्ही पेरं काढावी लागली.

पुढचं संकट वेगळंच आलं. वस्तीत कोणी त्यांच्या घरचं पाणी पिईना. मुलीच्या सासरी, नशिराबादच्या बाजूला, कोणीतरी सांगितलं की तिच्या अंगात एक्स-रे शिरलाय. सासूचा निरोप आला, बाळंतपण होऊ द्या, मग बघू. आबांनी मला फोन करून सांगितलं, तुम्हीच येऊन लोकांना दाखवा.

मी नवं मीटर घेऊन गेलो. हे गुदमरत नाही, खरं तेच सांगतं. देवळापुढे माणसं जमली. मी समजावलं की किरण अंगाला चिकटत नाहीत, वस्तू गेली की संपलं. आबांच्या हाताला मीटर लावलं, मुलीजवळ धरलं, पाण्याच्या हंड्यावर धरलं. आकडा होता तोच, जिथे तिथे असतो तो. पण या मीटरलाही आवाज होता, आणि त्या शांततेत तो सगळ्यांनी ऐकला. टिक. थोड्या वेळाने टिक, टिक.

वाजतंय, कोणीतरी म्हणालं.

मी सांगत गेलो की एवढं सगळीकडे असतंच, मातीत असतं, दगडात असतं, आकाशातून येतं. खरं वाटावं म्हणून मीटर देवळाच्या पायरीवर ठेवलं. टिक. शाळेच्या भिंतीला लावलं. टिक. शेवटी ज्याने संशय घेतला होता त्याच्याच छातीजवळ धरलं, आणि तिथेही ते वाजलं. तो दोन पावलं मागे सरला. आयाबाया पोरांना घेऊन उठल्या. एक म्हातारी सगळ्या गावाकडे हात करून शेजारणीला म्हणाली, "बठ्ठं गाव वाजी राह्यनं."

मी आवाजाचं बटण बंद करायला हवं होतं, असं चाचा परतीच्या वाटेवर म्हणाले. मला ते सुचलं होतं. पण गप्प मीटर दाखवून, बघा काही नाही, असं म्हणायला माझी जीभ वळली नसती.

मुलगी जळगावच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. माझं तिथे काही काम नव्हतं, आबांनी बोलावलंही नव्हतं. सासू आली होती. मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा ती आत गेली, दुपट्यातून नातीचे हात बाहेर काढले आणि एकेक बोट मोजलं. मग पायाची. मग तिने बाळाला उताणं-पालथं करून बघितलं, कानामागे बघितलं, आणि पुन्हा गुंडाळलं. सव्वा महिन्याने दोघींना घेऊन गेली. घेऊन जाताना माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मी अजून हेच काम करतो. लाइन आता जमिनीखाली आहे, वर लोकांनी पुन्हा कपाशी लावली आहे. नात अंगणवाडीत जाते. दर वर्षी तिचं रक्त तपासायला मुंबईला नेतात, दर वर्षी चांगलं येतं, आणि अहवाल येईपर्यंत अक्का जेवत नाहीत.

गेल्या थंडीत आबांना भेटलो. हात त्यांनी उपरण्यात गुंडाळून ठेवला होता. थंडीत कातडी फाटते, जखम भरत नाही, डॉक्टर म्हणतात अजून थोडं काढावं लागेल. त्यांनी विचारलं की ती वस्तू आता कुठे आहे. मी सांगितलं, जिथून आली तिथे परत पाठवली. तिचा जोर आपोआप कमी होत जातो, एव्हाना ती विझल्यात जमा, नुसता लोखंडाचा तुकडा.

आबांनी उपरणं सोडलं आणि हात माझ्यापुढे धरला.

"ते मरी गयं ना?" ते म्हणाले. "मंग हाऊ हात काबरं मरी राह्यना?"

मी त्यांना समजावायला सुरुवात केली, आत रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्या हळूहळू बंद पडत जातात. ते मान हलवत ऐकत होते. अक्कांनी चहा आणला. आबांनी कप डाव्या हाताने उचलला.